मागच्या जिन्याची फाईल

आमच्या चाळीला दोन जिने होते. एक पुढचा, रस्त्याच्या बाजूचा, आणि एक मागचा, लाकडी, मागल्या गल्लीत उतरणारा. मी मॅट्रिकच्या वर्गात होते त्या वर्षी मालकाने मागचा जिना काढला. फळ्या कुजल्यात, दुरुस्ती करून महिन्या-दोन महिन्यांत परत बसवतो, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी आडव्या फळ्या ठोकल्या आणि जिना गेला तो गेलाच.

दुरुस्ती कसली! मागच्या चौकात मालकाने पत्र्याची शेड उभी केली होती आणि ती एका व्यापाऱ्याला वेस्ट कापूस ठेवायला भाड्याने दिली होती. गिरण्यांतून निघालेल्या कापसाच्या गाठी हातगाड्यांवरून यायच्या. गाड्या आत वळायला जिना आडवा येत होता, म्हणून तो काढला. हे सगळ्यांना दिसत होतं. पण मालक आपला माणूस. आमच्याच कोकणातला, आमच्याच बोलीतला. काळाचौकीला संयुक्त महाराष्ट्राची सभा असली की कर्णे त्याचे, सतरंज्या त्याच्या आणि पुढच्या रांगेत बंद गळ्याचा पांढरा कोट घालून बसलेला तो. अशा माणसाशी जिन्यावरून कोण भांडणार?

माझी आई मी लहान असतानाच वारली. मला वाढवलं ते आत्याने, बाबांच्या विधवा थोरल्या बहिणीने. बाबा गिरणीत साचेवाले होते, मागावर काम करणारे. आत्या आमच्याच खोलीत खानावळ चालवायची. घरदार गावी ठेवून गिरणीत राबणारे दहा-बारा जण तिच्याकडे दोन वेळ जेवायचे. आत्या उंच, हाडापेराने दणकट, आणि तोंडाने तर त्याहून दणकट. भात कमी पडला असं तिच्याकडे कधी झालं नाही आणि शिवी कमी पडली असंही नाही.

आग लागली तो हरताळाचा दिवस होता. गिरण्या बंद, दुकानं बंद. चाळीतले सगळे पुरुष मोर्चाला गेले होते. खानावळीतल्या मंडळींना आत्याने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, उद्या चूल पेटणार नाही, खिशात कुरमुरे घेऊन जा. सकाळचा चहासुद्धा तिने शेजारणीकडे घेतला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे ह्याच गोष्टीवरून तिला आयुष्यभराचा डाग लागला.

दुपारी मी खोलीत भूमिती घेऊन बसले होते. आधी वास आला, जळक्या चिंध्यांसारखा. मग गॅलरीत आरडाओरड. शेडमधल्या गाठी पेटल्या होत्या आणि शेडचं तोंड तळमजल्याच्या बोळात होतं, पुढच्या जिन्याला लागून. सगळा धूर त्या जिन्यातून वर येत होता. दोघीजणी तोंडाला पदर लावून चार पायऱ्या उतरल्या आणि खोकत परत आल्या. आमच्या दुसऱ्या मजल्यावर त्या वेळी आठ-नऊ बायका, पोरं आणि एक म्हातारे आजोबा होते.

आत्या घरात गेली आणि मुसळ घेऊन आली. मागच्या जिन्याच्या तोंडाशी ठोकलेल्या फळ्यांवर तिने घाव घालायला सुरुवात केली. एकेका घावाबरोबर मालकाच्या एकेका पूर्वजाचा उद्धार चालला होता. फळ्या फुटल्या. पलीकडे नुसती हवा. खाली, शेडपासून बाजूला, मागल्या गल्लीच्या तोंडाशी गाड्यांसाठी मोकळी ठेवलेली फरशी. आत्याने लुगडी मागवली, गाठी मारल्या, एक टोक कठड्याच्या खांबाला बांधलं आणि एकेकाला खाली सोडलं. आधी पोरं, मग आजोबा, मग आम्ही. मी खाली पोचले तेव्हा तळहातांची सालं निघाली होती. शेवटी आत्या एकटीच वर राहिली. तिचं वजन त्या लुगड्यांना पेललं नाही. अर्ध्यावर असताना एक गाठ सुटली आणि ती फरशीवर कंबरेवर पडली.

तो आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही.

बंबवाले आले, आग विझली. एकही माणूस दगावला नाही, म्हणून वर्तमानपत्रात त्याच्या दोनच ओळी आल्या. त्या दिवसांत शहरात याहून मोठं बरंच काही जळत होतं.

आत्याचा खुब्याचा सांधा मोडला. परळच्या इस्पितळात ती तीन महिने होती. ती तिथे असतानाच वॉर्ड ऑफिसचा एक इन्स्पेक्टर चाळ बघायला आला. मालक त्याच्याबरोबर होता. दोघे चौकात उभे राहून वर बघत होते. इन्स्पेक्टर वर चढला नाही, कुणाला काही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी आत्याच्या नावावर एक इंग्रजी कागद आला. घरात इंग्रजी येणारी मी एकटी. मी तो इस्पितळात नेला आणि खाटेशी बसून तिला मराठीत सांगितला. त्यात लिहिलं होतं की दुसऱ्या मजल्यावर विनापरवाना खानावळ चालत होती, तिच्या चुलीची ठिणगी खाली शेडवर पडून आग लागली, सबब खानावळ ताबडतोब बंद करावी.

आत्या म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.

"चूल पेटूकच नव्हती," ती म्हणाली. ओरडली नाही. तिचा इतका हलका आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मग तिने विचारलं, "हे कागद खय लिवतत?"

"वॉर्डाच्या ऑफिसात."

"मगे तू थयच जा कामाक."

बाबा चळवळीतल्या आमच्या भागातल्या पुढाऱ्याकडे गेले. त्यांच्या शब्दाला वजन होतं. पुढारी घरी आले, खुर्चीवर बसले, हळहळले. म्हणाले, "अन्याय झालाय, मान्य आहे. पण आत्ता आपल्यातल्या आपल्यात भांडणं काढली तर समोरच्यांना आयतंच कोलीत मिळेल. आधी महाराष्ट्र येऊ द्या, मग जिन्याचं बघू." बाबांनी मान हलवली. बाबा तसे गरीब. त्यांना मोठ्या माणसाशी दुसरं काही करताच यायचं नाही. मी दाराआड उभी होते. मला महाराष्ट्र हवा होता. मीही मोर्चात घसा फोडून ओरडले होते. पण त्या दिवशी मला कळलं की ह्या माणसांच्या यादीत आमचा जिना कुठेच नाही.

मॅट्रिक झाल्यावर मी दादरला टायपिंगच्या क्लासला गेले. वर्ष-दीड वर्षाने वॉर्ड ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. इमारत खात्यात बसायला मिळावं म्हणून मी काय काय केलं, किती जणांना किती वेळा नमस्कार घातले, ते असो. मिळालं.

खात्यात फायलींची पोटं फुटेस्तोवर कागद असायचे. बांधकामाची परवानगी, दुरुस्तीची परवानगी, धोकादायक भिंतीची नोटीस, गच्चीवरच्या पत्र्याची नोटीस. मी टाइप करायची आणि टाइप करता करता शिकायची. रेकॉर्ड सांभाळणारे एक वयस्कर कारकून होते, तंबाखूने दात काळे झालेले. त्यांनी मला निळा नकाशा वाचायला शिकवला. कुठली रेघ भिंतीची, कुठली पायरीची, कुठली जागा उघडी ठेवायची. एकदा मी त्यांना आमच्या चाळीचा पत्ता देऊन सहज म्हटलं, "काका, ही फाईल बघायला मिळेल?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तिथेच राहतेस ना तू?"

"हो."

दुसऱ्या दिवशी फाईल माझ्या टेबलावर होती. 

त्यात सगळं होतं. चाळ बांधतानाचा मंजूर नकाशा होता. त्यात मागचा जिना स्पष्ट दिसत होता, पायरीनिशी. मागच्या चौकावर लिहिलं होतं की ही जागा कायम आभाळाला उघडी राहील. मालकाचा शेडसाठीचा अर्ज होता. शेडची परवानगी फक्त पावसाळ्यापुरती होती आणि पावसाळा संपताच ती काढायची होती. त्यानंतर किती पावसाळे गेले होते! जिना दुरुस्तीसाठी दोन महिने काढण्याची परवानगीही होती, मुदतीसकट. आणि सर्वांत वर तो इन्स्पेक्टरचा अहवाल, आत्याच्या चुलीचा.

 वाटलं, आत्ताच्या आत्ता ही फाईल साहेबांपुढे आपटावी. पण तेव्हाचे साहेब मालकाचा चहा पिणारे होते. फाईल गेली असती ती गेलीच असती. मी ती परत काकांना दिली आणि घरी येऊन आत्याला सांगितलं. आत्या तोवर खाटेवरच असायची. काठी घेऊन मोरीपर्यंत जाई, तेवढंच. खानावळ बंद झाली होती. तिची मंडळी दुसरीकडे जेवायला लागली होती आणि चाळीतल्या काही बायका, ज्यांची पोरं तिने खाली सोडली होती, त्याही दबक्या आवाजात म्हणत, आग हिच्याच चुलीने लागली म्हणे. कागदावर तसं आहे म्हणे.

सगळं ऐकून आत्या म्हणाली, "वेळ बघ. घाई करू नको. पण सोडू नको."

वेळ दोन वर्षांनी आली. मालकाने परळला रस्त्यालगत स्वतःला राहायला इमारत बांधली. नकाशा आमच्याच ऑफिसातून मंजूर झाला होता आणि आता काम पुरं झाल्याचा दाखला हवा होता. एके दिवशी तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. तोच पांढरा कोट. त्याने मला ओळखलं नाही. कशाला ओळखेल? चाळीतल्या पोरींची तोंडं त्याने कधी पाहिलीच नव्हती.

"बाई, माझी फाईल कुठवर आली हो?"

"बघते," मी म्हटलं. "बसा ना."

तो बसला. मुलाचं लग्न झालंय, सूनबाईला सातवा महिना लागलाय, नव्या घरात बाळ यावं अशी इच्छा आहे, असं कौतुकाने सांगत होता. माझ्या टेबलावर पेढ्यांची पुडी ठेवली. मी हसून थँक्यू म्हटलं. तो गेल्यावर पुडी शिपायाला दिली आणि हात धुऊन आले.

तोवर साहेब बदलले होते. नवे साहेब रुक्ष, कुणाच्या घेण्यात ना देण्यात. कागदाला जोडलेला कागद वाचणारे. ऑफिसचा एक नियमच होता की अर्जदाराच्या आधीच्या बांधकामांचे संदर्भ फाईलला जोडावेत. कुणी जोडायचं नाही. मी जोडले. आमच्या चाळीची अख्खी फाईल त्याच्या नव्या इमारतीच्या फाईलला लाल फितीने बांधली. वर एक चिठ्ठी टाइप केली. मालक एकच, पावसाळी शेड काढलेली नाही, जिन्याची मुदत उलटून अमुक इतके महिने झाले, जागेवर पाहणी व्हावी. एकही शब्द खोटा नव्हता. एकही शब्द जास्त नव्हता. ती चिठ्ठी टाइप करताना मला जितका आनंद झाला तितका पुढे लग्नाच्या वेळीही झाला नाही, असं म्हटलं तर आमच्या घरात कुणाला राग येऊ नये.

साहेब स्वतः पाहणीला गेले. चाळीत गेले आणि दुसऱ्या मजल्यावर चढून त्या जिन्याच्या तोंडाशी उभे राहून खाली बघून आले. परळच्या इमारतीतही गेले. तिथे दाखल्याची वाट न बघता बिऱ्हाड हललं होतं, आणि मालकाने बाजूची मोकळी ठेवायची जागा गिळून तळमजल्यावर स्वयंपाकघर आणि देवघर वाढवलं होतं. आठवडाभरात नोटिशीचा मसुदा माझ्याकडे टाइपला आला. शेड पाडा, जिना होता तसा बांधा, वाढवलेलं बांधकाम तीस दिवसांत काढा, नाहीतर म्युनिसिपालिटी काढील. मी तीन कार्बन घातले आणि एकही चूक न करता टाइप केलं.

मालकाने धावाधाव केली. तेच पुढारी पुन्हा आमच्या घरी आले. आता मी कुठे कामाला आहे हे त्यांना कळलं होतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बाळ, थोडंच राहिलंय आता. मुंबई मिळणार, महाराष्ट्र होणार. अशा वेळी आपल्याच माणसाच्या घरावर घण? तू साहेबांना जरा सांग."

मी काही बोलायच्या आत आत्या खाटेवर उठून बसली. "महाराष्ट्र येतलो तेव्हा माका खयच्या जिन्यान खाली उतरवतलास, ता आधी सांग!" पुढारी चहा न घेता उठले. बाबा त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेले आणि परत आल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, मला म्हणाले, "बरं केलंस."

आता जे लिहायचंय ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तीस दिवस संपायला चारच दिवस उरले असताना मालकाचा मुनीम एक अर्ज घेऊन आला. नोटीस मान्य आहे, आम्ही स्वतःच बांधकाम काढतो, पण घरात सून बाळंतीण व्हायची आहे, तर पंधरा दिवसांची मुदत मिळावी. साधा, रास्त अर्ज होता. साहेबांनी मुदत दिली असती. मी अर्जावर आवकचा शिक्का मारला, तारीख घातली आणि तो माझ्या खणात ठेवला. साहेबांपुढे ठेवला नाही. चार दिवस तो खणात होता आणि मी खण उघडला की वर तोच दिसायचा.

पाचव्या दिवशी म्युनिसिपालिटीचे बिगारी पहारी आणि घण घेऊन परळला गेले. मी रजा काढली होती. आत्याने आदल्या दिवसापासून हट्ट धरला होता, माका बघूचा आसा. तिच्या खानावळीतले चारजण आले, तिला खुर्चीत बसवून जिना उतरवला आणि टॅक्सीत घातलं. समोरच्या फुटपाथवर आम्ही तिची खुर्ची ठेवली.

पहिला घण बसला तेव्हा धुळीचा लोट उठला. आत्या टाळी वाजवणार असं मला वाटलं होतं. ती नुसती बघत राहिली, पापणी न लववता. आतून बायका भांडी आणत होत्या. पातेली, डबे, देव. मालक मुकादमाशी हातवारे करून बोलत होता, अर्ज दिलाय, अर्ज दिलाय म्हणत होता. मुकादमाकडे कसला अर्ज असणार? मग सून बाहेर आली. नऊ महिन्यांचं पोट, कपाळावर घाम. तिला कुणीतरी ट्रंकेवर बसवलं, उन्हात. ती माझ्याच वयाची होती. एक हात पोटावर ठेवून ती घणांच्या प्रत्येक घावाला डोळे मिटत होती.

मालकाच्या बायकोने रस्ता ओलांडला. आत्याला तिने ओळखलं होतं. समोर उभी राहून म्हणाली, "झालं समाधान तुमचं?"

"नाय," आत्या म्हणाली. "अजून एक भिंत उभी आसा."

ती बाई वळून गेली. मला तेव्हा आत्याचा अभिमान वाटला आणि अजूनही वाटतो. पण माझी नजर ट्रंकेकडे जायची थांबत नव्हती. मी पानवाल्याकडून पाण्याचा पेला घेतला आणि तिकडे नेऊन सुनेला दिला. तिने मला कोण, कुठली विचारलं नाही. घटाघटा प्यायली. दोन दिवसांनी तिला मुलगी झाली, धडधाकट, असं मला ऑफिसात कळलं. ते कळेपर्यंतचे दोन दिवस मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मी तो अर्ज साहेबांपुढे ठेवला. त्यांनी वर लिहिलं, आता निरुपयोगी, फाईल करावा. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पुढचा कागद ओढला.

शेड गेली. चौकात पुन्हा ऊन आलं. मागचा जिना तीन महिन्यांत उभा राहिला, सागवानी, आधीपेक्षा रुंद. आत्या काठी टेकत गॅलरीच्या टोकाशी जाऊन त्याच्याकडे बघायची, पण तो उतरून जायची ताकद तिच्यात नव्हती. त्यानंतर वर्षभराने ती गेली. तिच्या आगीच्या अहवालाचं मात्र मला काही करता आलं नाही. साहेब म्हणाले, बंद झालेलं प्रकरण उघडता येत नाही. मी एक कागद टाइप केला, त्या दिवशी हरताळ होता आणि चूल पेटलेली नव्हती एवढंच त्यात लिहिलं, खाली माझी सही केली आणि काकांच्या संमतीने त्या फायलीत अहवालाच्या मागे लावून टाकला. पान क्रमांक नसलेला तो कागद कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

मालक शेवटचा भेटला तो जिना बांधून झाल्यावर, नव्या इमारतीचा दाखला न्यायला आला तेव्हा. आता त्याला माहीत होतं मी कोण ते. कोट तोच होता, पण खांदे खाली आले होते. मी वहीत त्याचं नाव शोधून वही त्याच्यापुढे सरकवली. तो सही करेना. माझ्याकडे बघत म्हणाला, "माझा अर्ज तुमच्याकडेच होता ना बाई?"

खोटं बोलता आलं असतं. आजूबाजूला माणसं होती, नोकरीचा प्रश्न होता.

"हो," मी म्हटलं. "माझ्याकडेच होता."

तो ओरडेल, साहेबांकडे जाईल, असं मला वाटलं. त्याने पेन वहीवर टेकवलं.  मग सही केली, दाखल्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि निघाला. दारापाशी जाऊन तो परत आला. म्हणाला, "नातीचं बारसं लांबलं होतं, ते परवा आहे. त्या दिवशी पाणी देणारी कोण ते सूनबाईने विचारून काढलं, तुमच्या हातचं पाणी प्यायली म्हणून तिने तुम्हाला बोलवायला सांगितलंय. अर्जाचं मी तिला अजून काही सांगितलेलं नाही."

मी गेले नाही.